नकाशात नसलेला तेरावा

माराकाइबोच्या शाळेत युराइमा उर्दानेताने वीस वर्षं गणित शिकवलं. रोमन अंक चुकला की पोराचा गुण गेलाच, मग रडून उपयोग नाही. पुढे देश सोडून ती चिलेत तेमुकोला आली, संगणकाचा कोड लिहायला शिकली आणि मालवाहतुकीच्या एका गोदामात चिकटली. इथले हमाल प्रांत रोमन अंकांनीच ओळखतात. म्हणून तिने साध्या आकड्याचा रोमन अंक करून चिठ्ठी छापणारा कोड लिहिला. प्रांत सोळा, म्हणून एक ते सोळा सगळे आकडे तपासले. एकही चूक नव्हती.

त्या सकाळी औषधांच्या थंड पेट्यांवर नव्या चिठ्ठ्या लागल्या. दुपारी राजधानी सान्तियागोला निघालेल्या ड्रायव्हरचा फोन आला, "बाळाच्या औषधाची पेटी कुठंय? दवाखान्यातून सारखी विचारणा चाललीय."

युराइमाने सगळं गोदाम पालथं घातलं. पेटी सापडली ती चुकीच्या पत्त्यांच्या पेट्या टाकायच्या कोपऱ्यात, पेटत्या शेगडीला चिकटून. चिठ्ठीवर XIII.

"इथे का टाकलीस?" तिने हमाल नाउएलला विचारलं.

"मास्तरीणबाई, तेरावा प्रांत आहे कुठे? मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीय."

"राजधानीचा सरकारी आकडा तेराच आहे की!"

"असेल," गोदामप्रमुख एरिबेर्तो म्हणाले. "पण राजधानीला आम्ही RM लिहितो, म्हणजे महानगर प्रांत. बारावा झाला की एकदम चौदावा. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मला नव्हतं ठाऊक, साहेब."

"ते नंतर. पट्टी बघ."

पेटीवरची उष्णता दाखवणारी पट्टी हिरवी होती, पण एका कडेने लाली चढायला लागली होती. पूर्ण लाल झाली की औषध फेकायचं. नाउएलने धावत नवा बर्फ भरला. ड्रायव्हरला फोन करून टोलनाक्यावर थांबवलं आणि एरिबेर्तोंनी गाडी पिटाळली. युराइमा पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटभर तिने पट्टीवरची नजर काढली नाही. लाली तेवढीच राहिली. ड्रायव्हर हात पुढे करून रस्त्यातच उभा होता.

परत येऊन तिने एक ओळ लिहिली: तेरा आला तर RM. मग फोनशेजारी बसून राहिली. सगळे घरी गेले तरी उठेना. अखेर निरोप आला, बाळाला औषध दिलं.

बरोबर उत्तराला ती नेहमी पैकीच्या पैकी द्यायची. आज तिचं उत्तर बरोबरच होतं, आणि त्या उत्तराने एक बाळ गेलं असतं. टेबलावर डोकं ठेवून ती आपल्या वर्गातल्या पोरांसारखी रडली.