फोडी वेचता येणार नाहीत असं मटण

बिस्किटात मटण भरणार म्हटल्यावर आमचे भाऊजी, म्हणजे माझा दीर, दोन दिवस हसत होते. हे बिस्कीट चहात बुडवायचं का रश्श्यात, असं येता-जाता विचारायचे. नवराही हसला. दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलंही असणार, कारण संध्याकाळी शेजारीण चौकशीला आली. माझा स्वभाव असा, की एखाद्या गोष्टीला कोणी हसलं की ती मी करणारच. चुकीची असली तरी करणार, आणि ही तर चुकीचीही नव्हती.

आधी आमच्या घरातल्या रविवारच्या मटणाचं सांगते, नाहीतर बिस्किटाचं काही कळणार नाही. वर्ध्याजवळ नालवाडीत समोर आमचं किराण्याचं दुकान आणि मागे घर. मटण स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या अंगणात टिनाखाली त्याची वेगळी चूल, वेगळा गंज, म्हणजे पातेलं. रांधते मी, वाढतात सासूबाई. आधी पुरुषांची पंगत बसते. सासूबाई गंजाच्या तळाशी पळी घालून फोडी वर काढतात आणि नवऱ्याच्या, दिराच्या ताटात घालतात. दुसऱ्यांदा घालतात, नको म्हटलं तरी तिसऱ्यांदा घालतात. मग आम्ही बायका बसतो. सासूबाई, मी, आणि नागपूरला कॉलेजात शिकणारी लेक सुट्टीला आली असली तर ती. तोवर गंजात रस्सा उरलेला असतो, एखादं मानेचं हाडूक आणि मी टाकलेले बटाटे. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं म्हणतात. आमच्याकडे वाढणारी आमचीच, रांधणारीही आमचीच, तरी आमच्या ताटात बटाटा!

यात कोणी दुष्ट नाही, हेही सांगते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पावभर मटणात नऊ माणसं जेवायची. वावरात राबणाऱ्याला फोडी आणि बाकीच्यांना रस्सा, असा हिशेब होता. ते दिवस केव्हाच गेले. एकदा मी हट्टानं दोन किलो आणायला लावलं. त्याच्याही फोडी पुरुषांच्याच ताटात गेल्या, आणि उरल्या त्या सासूबाईंनी संध्याकाळी त्यांच्यासाठीच झाकून ठेवल्या. गरिबी गेली, रीत तेवढी राहिली.

मागच्या होळीनंतरच्या एका रविवारी लेकीनं रश्श्यात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपल्या घरच्या बोकडाले मांसच नसते का वं?"

मला तिचा राग नाही आला, स्वतःचा आला. वीस वर्षं तिला बटाटा मीच खाऊ घालत होते.

त्याच दुपारी तिनं मोबाइलवर एक बाई दाखवली. ती जाड, गोल, खुसखुशीत बिस्किटांत खिमा आणि चीज भरून, कडा दाबून भाजत होती. लेक चीजकडे पाहत होती, मी त्या दाबलेल्या कडांकडे. मटण आत बंद! वरून पळी घालून कोण काय वेचणार? वीस बिस्किटं केली तर पाच माणसांना चार-चार. तिथंच मनात पक्कं केलं, की सासूबाईंच्या तोंडात त्यांच्या लेकाएवढंच मटण गेलं पाहिजे. त्यासाठी पीठ चिवडावं लागलं तर चिवडू.

केकसाठी घेतलेलं छोटं ओव्हन चार वर्षं माळ्यावर पडून होतं. ते उतरवून पडवीत मांडलं. खिमा आणायला मीच गेले, कारण नवऱ्याचं म्हणणं, खिम्यात चावायला काय मजा. मटणाच्या दुकानात सगळे पुरुष रांगेत. मालक नाही आले का, असं खाटकानं विचारलं. मी म्हटलं, बारीक कर, दोनदा कर.

पहिल्या रविवारी माझ्याच हातांनी दगा दिला. हे हात रोडग्यांचे. रोडग्याची कणीक घट्ट, दम लागेस्तोवर मळायची, तेव्हा तो गोवऱ्यांच्या आरावर नीट भाजला जातो. मी मैदाही तसाच मळला, अगदी मनगटं दुखेपर्यंत. ओव्हनमधून निघालं ते दगड. भाऊजींनी एक बिस्कीट ताटावर वाजवलं आणि वहिनी, वरण आणा, रोडगे झाले म्हणाले. गल्लीतल्या कुत्र्यानं दोन खाल्ली, तिसऱ्याला तोंड लावलं नाही. मलाही हसू आलं, पण खिमा वाया गेल्याचं दुःख जास्त होतं.

दुसऱ्या रविवारी लेकीनं माझे हात धरलेच. मळायचं नाही, थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं आणि ताक घालून नुसतं गोळा करायचं. वर्ध्याच्या उन्हात लोणी कसलं थंड राहतंय! फ्रिजमधलं दूध, कोथिंबीर, सगळं बाहेर काढलं आणि परातच आत सरकवली. खिमा अंगणातल्या चुलीवर कोरडा परतला. एकेका पारीवर खिमा ठेवला, त्यावर चीजचा तुकडा, वरून दुसरी पारी लावून कडा काट्यानं दाबल्या. या वेळी बिस्किटं फुगली, सोनेरी झाली, वास दुकानापर्यंत गेला. गरमच खावी लागतात म्हणून मी सगळ्यांना एकाच वेळी बसवलं. सासूबाई आधी उभ्याच राहिल्या. लेकीनं त्यांना हाताला धरून बसवलं, आणि मी पाच ताटांत चार-चार मांडली. मनात म्हटलं, जिंकले बाप्पा.

सासूबाईंनी पहिलं बिस्कीट उघडलं. बोटानं आतला खिमा अलगद काढला आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या ताटात सारला. दुसऱ्यातला दिराच्या ताटात. मग रिकामी खोळ मिटून शांतपणे खायला लागल्या. नवरा भाऊजींशी बोलत होता. त्यानं तो खिमा उचलला आणि खाल्ला. वरही पाहिलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणाले, "तुम्ही जे खाऊन राह्यले नं, ते तुमच्या आईच्या तोंडातलं आहे."

नवऱ्याचा हात थांबला. त्यानं आईच्या ताटातल्या खोळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाऊजींना त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. पण चिडल्या त्या सासूबाईच. जेवत्या माणसाला बोलू नये, एवढी अक्कल माहेरी शिकवली नाही का, असं त्यांनी मला ऐकवलं आणि उठून गेल्या. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि मी आठवडाभर एकच विचार करत होते, की खिमा सुटला कसा.

सुटला, कारण चीज नुसतं वर ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी मी चीज किसलं आणि गरम खिम्यातच कालवलं, सगळं एकजीव होईपर्यंत. त्याचे गोळे केले. पारी पातळ लाटली. आता सोडवून दाखवा म्हटलं.

आणि पंगत मांडलीच नाही. पहिला ट्रे निघाला तेव्हा पुरुष दुकानात होते. सासूबाईंना मी पडवीत हाक मारली, बिस्किटं भाजली का ते सांगा म्हणून. कामाचं बोलावणं म्हणून त्या आल्या. मी ट्रेमधलं एक काढून फडक्यात धरलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. ताट नाही, शेजारी कोणाचं ताट नाही, द्यायला कोणी नाही. त्यांनी सवयीनं कड उघडून पाहिली. चीजच्या तारा लांबल्या, खिमा काही सुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहत उभी राहिले. दाराशी लेक उभी.

त्यांनी चावा घेतला. त्यांना दात थोडेच. त्यांनी हळूहळू चावलं, गिळलं, पुन्हा चावा घेतला. अर्ध्यावर थांबल्या.

"इतकं नरम असते व्हय मटण?" म्हणाल्या.

पन्नास वर्षं त्यांनी मटण रांधलं आणि वाढलं होतं. लेकीनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात वासानं नवरा आणि भाऊजी मागच्या दारात आले. झालं का, बसायचं का, असं नवऱ्यानं विचारलं. मला वाटलं, आता या उठतील. त्यांनी पदरानं ओठ पुसले आणि पायरीवर नीट बसून घेतलं.

"थांबा जरासे," त्या म्हणाल्या. "आम्ही जेवून राह्यलो."

मग माझ्यापुढे हात केला, दुसऱ्या बिस्किटासाठी.