पेंटरची पाटीफेरी

आमच्या पेंटरने उभ्या जन्मात एकही चित्र काढलेलं नाही. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. खडू लावलेली दोरी फळीवर ताणून टण्णकन सोडायची, तिची रेघ उमटली की मनगटाखाली काठी धरायची आणि जीभ दातांत पकडून अक्षर सुरू करायचं. त्या वेळी कुणी मध्ये बोललेलं त्याला खपत नसे. एकदा मी शिडीखालून त्याला जेवायला हाक मारली, तर वरून हिरव्या रंगाचा टपोरा थेंब माझ्या नव्या शर्टावर पडला. चुकून पडला, असं तो आजही म्हणतो.

व्यवहारात मात्र तो अगदी कच्चा. एका न्हाव्याची पाटी त्याने जन्मभर फुकट केस कापून देण्याच्या बोलीवर रंगवली आणि दोन वर्षांत त्याला टक्कल पडलं. न्हावी अजून हसतोय.

वर्ष संपत आलं, थंडी पडली आणि शहरभर रोषणाई झाली की पेंटर आम्हाला फिरायला नेतो. म्हणायला शहर बघायचं. घड्याळाचा मनोरा, पूल, कारंजं, सगळं वाटेत लागतं. पण हा गृहस्थ त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या दुकानावरची पाटी दाखवतो. म्हणून आम्ही या फिरण्याला पाटीफेरी म्हणतो. मंडळी ठरलेली. पेंटर, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर आणि मी. माझं बुटांचं दुकान होतं. सगळा जन्म लोकांच्या पायाशी बसून काढला, त्यामुळे आता कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही असं मी ठरवलं आहे.

यंदा फेरीच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"भावोजी, सोमवारी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू पार पिकलाय. दोनदा तारीख घेतली, दोनदा पळाले. एकदा खोकल्याचं सोंग केलं. एकदा म्हणे लग्नाला जायचंय, आणि ते लग्न होऊन महिना झाला होता! डॉक्टर म्हणतात, आता लांबवाल तर अवघड होईल. माझं काही ऐकत नाहीत हो. उद्या तुम्ही तिघं मिळून त्यांच्याकडून हो म्हणवून घ्या."

"त्यात काय एवढं? मी सांगतो ना त्याला तोंडावर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मनोऱ्याखाली जमलो. झाडाझाडांवर दिव्यांच्या माळा होत्या, चौकात बँड वाजत होता, पोरंटोरं अंगात आल्यासारखी नाचत होती. पेंटर आला तो कानटोपी घालून, छाती काढून, एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट चढवून. माझी नजर आधी पायाकडेच जाते, त्याला इलाज नाही. वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सांगितलं मी. तर म्हणतात, दोन्ही काळेच आहेत, तुलाच चष्मा लागलाय."

"चला रे, मागे राहू नका," असं म्हणून पेंटर पुढे निघाला. पहिलंच आलं औषधांचं दुकान. त्याने हात उंचावला.

"हा पिवळा बघा! इतकी वर्षं ऊन खाल्लं, पण कुठे उडालाय का? याला म्हणतात रंग."

आम्ही वर बघितलं. ती पाटी कधीच उतरवली होती. तिच्या जागी प्लॅस्टिकची, आतून दिवे लावलेली, ढळढळीत निळी पाटी होती.

"वा!" मास्तर म्हणाले.

ज्या माणसाने पोरांना अर्धा मार्क कधी फुकट दिला नाही, तो निळ्या पाटीला पिवळी म्हणून दाद देत होता. मी सिस्टरकडे बघितलं. या बाईने इस्पितळात भल्याभल्यांना दम दिलेला. त्या घसा साफ करून म्हणाल्या, "फारच छान टिकलाय हो." आणि मी? तोंडावर सांगणारा मी? मीही मान डोलावली.

मग चढाओढच लागली. कापडवाल्याची पाटी गेली होती, तिथे मोबाइलची जाहिरात होती. आम्ही तिच्या वळणांचं कौतुक केलं. घड्याळजीच्या दुकानावर तर दुरुस्तीसाठी हिरवी जाळी सोडली होती. मास्तर जाळीकडे बघून म्हणाले, "प्रमाणबद्धता म्हणावी तर ही." दर चौकात मी सिस्टरना कोपराने ढोसत होतो, "बोला ना तुम्ही." त्या मला ढोसत होत्या, "तुम्ही बोलणार होतात ना?" वहिनी एकदा पाटीकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा बघून मला आम्हा सगळ्यांचाच राग आला. प्रेमापोटी आम्ही त्याला आंधळा करायला निघालो होतो.

मोठ्या चौकात ही गर्दी. रस्ता ओलांडायला माणसांचा लोंढा उभा, शेजारी बँड कानठळ्या बसवतोय. दिवा हिरवा झाला तसा पेंटरने बाजूला हात केला, वहिनींचा हात धरला आणि लोंढ्याबरोबर पार पलीकडे गेला. आम्ही निघेपर्यंत दिवा लाल.

"गेले दोघं," मास्तर म्हणाले.

"दोघं कोण?" मागून वहिनींचा आवाज आला. "मी इथेच आहे!"

आम्ही चौघं डोळे फाडून पलीकडे बघू लागलो. पेंटर राखाडी कोट घातलेल्या कुणा बाईचा हात घट्ट धरून, तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत, आरामात चालला होता. वहिनींचाही कोट राखाडीच. बाई काही बोलू बघत होती, पण आपला पेंटर बायकोला मध्ये बोलू देईल तर शपथ!

दिवा हिरवा होताच वहिनी जवळजवळ धावतच सुटल्या. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या सिस्टरसुद्धा मला मागे टाकून गेल्या. कारंज्याच्या कट्ट्यावर आम्हाला ते दोघं दिसले. आमच्याच वयाची बाई. आम्हाला बघून ही यांचीच माणसं हे तिने ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पेंटरची आमच्याकडे पाठ होती.

"...त्यांना वाटतं मला कळत नाही," तो सांगत होता. "मास्तर वा म्हणाला तेव्हाच मी ओळखलं, पाटी गेली. जन्मात कधी माझ्या पाटीला वा म्हटलंय त्याने? असू दे. चांगली माणसं आहेत. पण तुला खरं सांगू? मी फार घाबरलोय गं. आत्ता निदान सकाळी ओट्याशी तू उभी असतेस ते धुरकट का होईना, दिसतं. ही तू, एवढं कळतं. समजा ऑपरेशन बिघडलं आणि तेवढंही गेलं तर? पाट्या गेल्या तर गेल्या. तू दिसेनाशी झालीस तर मी काय करू? तेवढी तरी राहू दे मला."

मास्तर खाली बघू लागले. मी वाकून बुटाची नाडी उगाच पुन्हा बांधली. वहिनी मात्र तरातरा पुढे गेल्या आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुणाला राहू देऊ? अहो, मी ही इथे आहे! केव्हापासून परक्या बाईचा हात धरून बसलाय!"

पेंटर ताडकन उठला. एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून त्याने दोन राखाडी कोट बघितले आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मी दोनदा सांगितलं हो यांना," ती बाई हसत म्हणाली. "म्हणाले, आज मला बोलू दे. आणि मग इतकं मनापासून बोलायला लागले की हात सोडवून घ्यावासा वाटेना. आमच्या घरी इतकं कुणी बोललंच नाही कधी." तिने पेंटरचा हात वहिनींच्या हातात दिला, "जपा यांना," म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.

आता मात्र सिस्टरना हसू आवरेना. मास्तर हसले, मी हसलो, वहिनी हसता हसता रडू लागल्या. एकटा पेंटर हसला नाही. तो वहिनींच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे तू मला दिसतच नाहीस," तो म्हणाला.

"नाही दिसत," वहिनी म्हणाल्या. "कधीपासून सांगतेय."

तो परत कट्ट्यावर बसला. आम्ही कुणी वा म्हटलं नाही. मग त्याने सिस्टरना विचारलं, "सोमवारी उपाशीपोटी जायचं का हो?"

"ते मी डॉक्टरांना विचारून उद्या सांगते," सिस्टर म्हणाल्या. "पण यायचं नक्की."

"येतो."

फेरी अर्धी राहिली होती, ती आम्ही पुरी केली. या खेपेला पेंटरने विचारायचं आणि आम्ही खरं सांगायचं. ही पाटी गेली, तीही गेली, पुलाजवळची मात्र आहे आणि तिचा रंग पार उडालाय. त्याने सगळं ऐकून घेतलं. पण रस्ता ओलांडायची वेळ आली की तो हात पुढे करायचा आणि चारचौघांत मोठ्याने विचारायचा, "तूच ना?"

आणि वहिनी दर वेळी त्याचा हात धरून सांगायच्या, "मीच. चला."