मोटर कुठं बसवायची?

चौघांत मिळून एक नाव घेतली की मासे मिळोत न मिळोत, किस्से मात्र ढिगानं मिळतात. आमच्याकडे इतके साचलेत की ऐकणारे पोट धरून हसतात आणि माझं डोकं तापतं. कारण प्रत्येक किश्शात खांदा माझा आहे!

मी अकोल्यातला रिटायर मास्तर. बाकीचे तिघे म्हणजे जठारपेठेतले वकीलसाहेब, बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी केलेले गवईभाऊ आणि पूजापाठ करणारे जोशी गुरुजी. रविवारी धरणावर जाऊन गळ टाकायचे, हा आमचा कार्यक्रम. वल्हं मीच मारायचो. मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं बजावलं, "आता वल्हं धरलं, तर हात कायमचा जाईल."

पण धरणावर जाणं सोडायचं, हे काही मला पटेना. म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणली. खाली पाण्यात पंखा, वर दांडा. दांडा वळवला की नाव वळते. माझी मागणी एकच होती. मी मागच्या फळीवर बसतो, तिथं माझ्या डाव्या हाताशी ती बसवा. एवढी साधी गोष्ट!

०००

गवईभाऊंनी ती नावेच्या पुढच्या टोकाला कसली.

"गवईभाऊ, तिथं माहा हात पुरन का?"

"मास्तर, जिंदगी गेली माही रेल्वेत. इंजिन समोरच राहते!"

"अन् घाटात मागून लावतात ते?"

"मंग इथं घाट कुठी आहे?"

०००

भांडून भांडून मोटर मागे नेली. तर वकीलसाहेब पुढच्या टोकावर जाऊन बसले. देह भरदार. पुढचं टोक खाली गेलं, मागचं वर आलं आणि पंखा पाण्याबाहेर फरफर फिरायला लागला.

मी ओरडलो, "साहेब, मधात सरका! तुमच्या वजनानं झालं हे."

"माह्याच वजनानं झालं, याले पुरावा काय?"

मी संतापून पंख्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "मले तर इथून काईच दिसत नाही!"

०००

जोशी गुरुजींचं म्हणणं वेगळंच. बॅटरी म्हणजे अग्नी, तेव्हा मोटर आग्नेय कोपऱ्यातच पाहिजे. नाव काठाला बांधलेली असताना त्यांनी मोबाइलवर दिशा बघितली आणि कोपरा ठरवला.

मी म्हणालो, "गुरुजी, नाव फिरली का आग्नेय कोपरा बी बदलन ना!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मंग नाव फिरवू नका."

असल्या माणसाशी बोलायचं तरी काय? मी दोन रविवार त्यांच्याशी बोललो नाही.

०००

मग समेट झाला. कोणीच नाराज नको, म्हणून मोटर मधोमध, नावेच्या कडेला. दांडा धरायला तिघंही धावले आणि प्रत्येक जण आपल्याकडे ओढायला लागला. नाव एका जागी गोल गोल! शेवटी मी बॅटरीची वायरच उपटली.

"काहून बंद केली, मास्तर?" वकीलसाहेब म्हणाले. "मस्त हवा लागून राहिली होती!"

०००

त्या दिवशी मी सांगून टाकलं, "मले येणंच नाही आता. तुमी अन् तुमची मोटर!" आणि खरंच गेलो नाही. घरी बसून मात्र जीव रमेना.

मग एका रविवारी तिघंही घरी आले आणि मला गाडीत घालून धरणावर घेऊन गेले. बघतो तर मोटर मागच्या फळीजवळ! लोखंडी पट्टी लावून वेल्डिंग मारलेली.

"तुमच्या हाताशीच बसवली," गवईभाऊ अभिमानानं म्हणाले. "आता कोणाचा बाप हलवू शकत नाही!"

बसवली होती उजव्या हाताशी.

माझा पारा चढला. "अरे, कोणता खांदा कापला माहा? दवाखान्यात येऊन माह्या उशाचे संत्रे खाऊन गेले तुमी! खांदा नाही पाहिला?"

गवईभाऊंनी पट्टी हलवून पाहिली. मग गुरुजी म्हणाले, "उलटं तोंड करून बसा. डावा हात बरोबर येते."

"अन् समोर कोण पाहीन?"

"आमी आहो ना!"

बसलो उलटा. डाव्या हातानं दांडा धरला, मोटर सुरू केली. खांदा जराही हलला नाही आणि नाव छान सरकायला लागली. पाठीमागून मात्र एकाचाही आवाज येईना.

मी मान न वळवता ओरडलो, "अरे बाप्पा, समोर काय आहे?"

"ते नाही पाहिलं," गवईभाऊ म्हणाले. "तिघं बी तुमच्याकडंच पाहून राहिलो, मास्तर. खांदा तर नाही ना दुखून राहिला?"