उपाशीपोटी औषध

ग्रॅमकाकांना प्रयोगशाळेत ग्रॅमकाका म्हणत, कारण त्यांच्या हातून वजनात कधी चूक होत नसे आणि दुसऱ्याची झालेली ते कधी विसरत नसत. एकतीस वर्षं उंदरांची देखभाल केली, पण वहीत एक खाडाखोड नाही. घरीही कुणी मीठ काढलं की हे चष्मा लावून हजर. बायको म्हणायची, "मला उंदीरच समजा. निदान रोज विचारपूस तरी होईल."

निवृत्तीला दोन महिने उरले असताना प्रयोगशाळेच्या साहेबांनी फ्लूवर औषध काढलं. विषाणूला पेशीत शिरायची वाट आपल्याच शरीरातलं प्रोटीएज नावाचं एन्झाइम मोकळी करून देतं. तेच अडवलं की फ्लू दाराबाहेर, हे साहेबांनी लिफ्टवाल्यालासुद्धा समजावलं. फ्लू झालेल्या वीस उंदरांना औषध दिलं, दुसऱ्या तशाच विसांना नुसतं पाणी. पाणीवाले बहुतेक मेले, औषधवाले तुरुतुरु पळू लागले. साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

भरल्या सभागृहात पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "औषध सोडलं तर दोन्ही गटांत काडीचाही फरक नव्हता. विचारा आमच्या काकांना!"

मागच्या खुर्चीत काकांना घाम फुटला. फरक होता. आजारी उंदराला उभं राहून वरच्या जाळीतलं खाणं कुरतडता येत नाही, म्हणून ते रोज पिंजऱ्यात खाली भिजवलेलं खाणं ठेवत. फक्त औषधवाल्यांच्या. उपाशीपोटी औषध द्यायचं नसतं, हे आईने शिकवलेलं. ज्यांना औषधच नाही त्यांचा प्रश्नच येत नव्हता. इतकी साधी गोष्ट वहीत काय लिहायची?

गप्प बसले असते तर वही स्वच्छ राहिली असती आणि ते औषध उद्या माणसांच्या पोटात गेलं असतं. काका उठले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सभागृह खो खो हसलं. सगळ्यात मोठ्याने साहेब हसले, आणि नंतर केबिनमध्ये म्हणाले, "काका, दोनच महिने राहिलेत. गुपचूप काढायचे ना!"

काकांना राग आला, साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त. त्यांनी वहीत लाल शाईने लिहिलं, 'चूक माझी.' लिहिताना डोळे भरून आले.

पण पाहुण्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे प्रयोग पुन्हा करणं भाग पडलं. या वेळी भिजवलेलं खाणं दोन्हीकडे. पंधरा दिवसांनी दोन्हीकडचे उंदीर सारखेच पळत होते, वजनंही सारखीच. औषधाचा गुण कुठेच दिसेना.

काकांनी वही टेबलावर ठेवली आणि बोलणी खायच्या तयारीने उभे राहिले. साहेबांनी आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं. मग उठून दार लावलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा काकांसाठी खुर्ची ओढली.

"बसा हो काका. आता ते खाणंच आपलं औषध! भिजवताना पाणी नेमकं किती घालता?"

आकडा काकांना तोंडपाठ होता.

"अंदाजाने," ते म्हणाले, आणि वही काखोटीला मारून चालते झाले.