कॅल्शियमच्या दारावरच्या बाई

आवाज न चढवता भांडण जिंकणारी अख्ख्या पुण्यात एकच बाई होऊन गेली, आणि ती नारायण पेठेत माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहायची. हे मी लिहितेय याला काही किंमत आहे, कारण पत्रकं लिहायची, चौकात वाटायची आणि न घेणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे हा माझा उद्योग. मी राहायला आले त्याच संध्याकाळी बाई वर आल्या. पेठेत नव्या भाडेकरूकडे शेजारी येतो तो नियम ऐकवायला, म्हणून मी भांडणाच्या तयारीतच दार उघडलं. बाई म्हणाल्या, "आपण टाचांवर चालता. चवड्यांवर चालून बघा, गुडघ्यांनाही बरं असतं." आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मी चवड्यांवर चालायला लागले.

बाई एका कॉलेजात शिकवायच्या आणि उरलेला वेळ चेतापेशींना द्यायच्या. त्याही कुठल्याही नाहीत. उचल म्हटलं की हात उचलणाऱ्या पेशी त्यांच्या लेखी हुजरे. त्यांचा जीव होता तो आपल्याला न विचारता हृदय पळवणाऱ्या, आतडी हलवणाऱ्या, घाम फोडणाऱ्या पेशींवर. या पेशींच्या आवरणात अतिसूक्ष्म दारं असतात, पेशी पेटली की त्यांतून कॅल्शियम आत घुसतं, आणि त्या येण्याजाण्याची वीज मोजायची हा बाईंचा ध्यास. त्यासाठी केसाहून बारीक टोकाची काचेची नळी उंदराच्या मानेतून काढलेल्या एका पेशीला टेकवायची, दुसऱ्या टोकाला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने अलगद हवा ओढायची, आणि काच पेशीला घट्ट चिकटली की म्हणायचं, सील लागलं. मग जिन्यात कोणी पाय आपटला तरी खेळ खलास. न हादरणारं परदेशी टेबल कॉलेजला परवडणारं नव्हतं, म्हणून बाईंनी कडप्प्याची जाडजूड फरशी स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवली होती आणि रोज सकाळी त्या सायकलच्या पंपाने ट्यूबांत हवा भरायच्या. भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, बाहेरच्या विजेची घरघर अडवायला. शनिवार पेठेतल्या ट्यूबवाल्याने एकदा विचारलं, "बाई, गाडी कुठली म्हणायची ही?"

"दगडाची."

"पळते का?"

"हलतसुद्धा नाही. म्हणून तर घेतली."

लग्नाच्या पंगतीत बसल्या की आधी वर बघायच्या आणि यजमानांना म्हणायच्या, "तेवढी ती ट्यूबलाइट बंद करता का? गुणगुणतेय." माझं प्रत्येक पत्रक त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत, पुण्यात अशा त्या एकट्याच असाव्यात. एकदा वाचून म्हणाल्या, "यात पोटॅशियम नाही." मी म्हटलं, म्हणजे काय? "अगं, कॅल्शियम आत शिरतं ना, तेच आतून आणखी एक दार उघडतं. त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी निवते. निवते म्हणून तिला पुन्हा पेटता येतं. तू नुसतीच पेटतेस." मला याचा फार राग आला होता.

मग संगणक आले. हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उगवायला लागल्या आणि प्रत्येक संस्थाचालकाला आपण मागे पडतोय असं वाटायला लागलं. कॉलेजातल्या बाईंच्या प्रयोगाच्या खोलीत संगणकवर्ग काढायचं ठरलं. "उंदराच्या मानेला मार्केट नाही, मॅडम," असं संस्थेचे चिटणीस तोंडावर म्हणाले. बाईंना एकच गोष्ट हवी होती. औषध घालून कॅल्शियमचं दार बंद केलं की निववणारं दारही बंद पडतं, हे दाखवणारी एक अखंड नोंद. कित्येक वर्षं पेशी ऐन वेळी हातातून सुटत आली होती, आणि आता खोलीच सुटणार होती.

खोली रिकामी करायच्या दिवशी मी पोरं गोळा करून कॉलेजात थडकले. ढोल गळ्यात, टिपरू हवेत, तेवढ्यात दार किलकिलं झालं. "काहून ओरडून राहिली गं?" बाई कुजबुजल्या. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या, पण त्यांची ती बोली जिवावर बेतलं तरच बाहेर यायची. "आत सील लागलंय. अडवायचं तर चपला काढून अडवा. आणि पंखे बंद करा."

तर आम्ही व्हरांड्यात अनवाणी, मुकाट बसलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड आंदोलन. चिटणीस हमाल घेऊन आले. "सील लागलंय," मी कुजबुजले.

"काय लागलंय?" तेही कुजबुजले. कुजबूज संसर्गजन्य असते.

"सील. सुटलं तर सगळं गेलं."

"किती वेळ?"

"पेशीला विचारा."

त्यांचे नवे बूट करकरत होते. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने बुटांकडे नुसतं बोट दाखवलं. चिटणिसांनी आधी हमालांकडे पाहिलं, मग बूट काढले आणि भिंतीला टेकून बसले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ज्या पेशींना मार्केट नाही, त्या चोख काम करत होत्या.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. रबरी नळी अजून ओठांत होती. ती काढून म्हणाल्या, "मिळाली." मग चिटणिसांना, "या, आता उचला. आधी ट्यूबांतली हवा सोडा, नाहीतर फरशी कोणाच्या तरी पायावर पडेल."

मी म्हटलं, "बाई, आता खोलीही सोडायची नाही. माणसं जमलीत."

"मला नोंद हवी होती," त्या म्हणाल्या. "ती कोणी आता काढून घेत नाही."

खोली घेतली हे चूकच होतं, हे मी आजही चौकात उभी राहून सांगेन. त्या कडप्प्याच्या फरशीवर आता मुलं वडापाव खात बसतात, तिच्यावर काय उभं होतं हे एकालाही ठाऊक नसतं. बाई निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेल्या. जाताना पंप मला देऊन गेल्या, "सायकल घे कधीतरी" म्हणून. खाली आता कंपनीत जाणारी मुलं राहतात. भली आहेत, रात्रभर गाणी लावतात, मी वर लेझीम खेळले तरी त्यांना कळायचं नाही.

मी मात्र सभेहून तावातावाने परतते, कुलूप काढते, चपला दाराशी ठेवते आणि खोलीभर चवड्यांवर चालते. न जाणो, खाली सील लागलेलं असेल.