सहा खिळ्यांची नाल

कॉन गेरॅटीने आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि ती नेमकी पोलिसांपुढे मारली.

मुंडाराच्या डोंगरात तो अकरा वर्षं नालबंदी करत होता. आयर्लंडहून या वसाहतीत येताना आखडलेला गुडघा, बापाचा हातोडा आणि नाल ठोकायची बापाची रीत एवढंच त्याने बरोबर आणलं होतं. बाकीचे नालबंद सात खिळे ठोकत, कॉन सहाच. टाचेजवळचं आतलं भोक तो रिकामं सोडायचा. इथल्या खडकाळ वाटांवर खुराला टाचेशी पसरायला जागा लागते, नाहीतर महिन्याभरात जनावर लंगडतं, असं त्याचं म्हणणं. कोणी त्यावर वाद घालायला गेलंच तर तो म्हणे, "माझ्याशी कशाला बोलतोस? घोड्याला विचार." पाद्रीबाबांची घोडी, दुकानदाराची जोडी, खोऱ्यातल्या मेंढपाळांची तट्टं, सगळी सहा खिळ्यांवर चालत.

त्या मंगळवारी रॅफर्टीच्या टोळीने घाटात टपालगाडी लुटली. बुधवारी सकाळी सार्जंट प्रॅटली कॉनच्या भट्टीवर आला. त्याच्या शिपायाने घाटातला टापेचा ठसा मातीच्या ढेकळासकट कापून फळीवर आणला होता.

"कॉन, हे काम कोणाचं रे?" प्रॅटलीने अगदी गोड आवाजात विचारलं.

कॉनने हात पुसले, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "माझंच. आणखी कोणाला जमतंय असं? खिळ्यांची रांग बघा, सूत धरून मारल्यासारखी आहे."

"लिहून घे," प्रॅटली शिपायाला म्हणाला.

आपलं काम नाकारणं या माणसाला ठाऊकच नव्हतं, आणि सार्जंटला हे पक्कं ठाऊक होतं. रॅफर्टीची माणसं कायद्याबाहेर टाकलेली. त्यांना दिसतील तिथे गोळी घालायची मुभा होती आणि त्यांना भाकरी, घोडा किंवा साधा खिळा देणाऱ्याला पंधरा वर्षं तुरुंग. वर घरदार, अवजारं सरकारजमा. तासाभरात कॉन कोठडीत होता आणि भट्टीच्या दाराला सरकारी मोहोर लागली होती.

संध्याकाळी त्याची बायको डीलिया पाव घेऊन गजांपाशी आली. ती रडली नाही. तिला संताप आवरत नव्हता.

"तोंड शिवून ठेवता येत नव्हतं तुला? 'माझंच' म्हणे. वर रांग बघा म्हणे."

"माझंच होतं, डीलिया."

"हो, होतं. आता पंधरा वर्षं दगड फोड आणि त्यांचीही रांग लाव. मी भट्टीशिवाय खाऊ काय, ते तेवढं सांगून जा."

सहा खिळ्यांचे शंभर घोडे खोऱ्यात फिरत असताना एकट्या नालबंदाला धरायचं, याला काय म्हणावं? पण रॅफर्टी काही प्रॅटलीच्या हाती लागत नव्हता. वरून रोज तंबी येत होती. त्याला कोणीतरी हवं होतं, आणि लंगडा माणूस पळून तरी कुठे जाणार.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी पीटर आला. पीटर पोलिसांसाठी माग काढायचा. तो इथल्याच मूळ लोकांतला. हे डोंगर त्याच्या पणज्याचे, पण आता त्यांतून मोकळेपणी फिरायचं तर पोलिसांचा डगला अंगावर लागे. कामावरून परतताना तो कॉनच्या भट्टीवर टेकायचा, दोघं चहा घ्यायचे आणि माणसांपेक्षा घोड्यांबद्दलच जास्त बोलायचे.

"घाटातले ठसे मी पाहिले," पीटर हळूच म्हणाला. "मागचा डावा पाय आत वळतो. असा पाय कोणाचा?"

कॉन ताडकन उठला. "प्रॅटलीचा तो तांबूस घोडा, कुमाईत. मीच गेल्या महिन्यात नाल मारली त्याला."

"सोमवारी साहेब उताराजवळच्या गुत्त्यात पडले होते. कुमाईत बाहेर बांधलेला. रॅफर्टीच्या पोरांनी तो सोडून नेला. तेव्हापासून साहेब शिपायाचा घोडा वापरतात आणि सांगतात की कुमाईत लंगडतोय, चरायला सोडलाय. मी घाटातच म्हटलं, साहेब, हा तुमचा घोडा. मला म्हणाले, तू जमीन बघ, बोलायचं काम माझं."

"मग हेच मॅजिस्ट्रेटपुढे सांग."

"सांगेन. ऐकतील का ते बघ."

पुढच्या सोमवारी चौकशी झाली. प्रॅटलीने बायबलावर हात ठेवून सांगितलं, की पोलिसांचे घोडे मोठ्या ठाण्यातच नाल मारून घेतात, मुंडाराच्या भट्टीशी त्यांचा संबंध नाही. कॉन ओरडला तेव्हा त्याला गप्प बसवलं. मग कॉनने साक्षीला पीटरचं नाव दिलं.

मॅजिस्ट्रेटने पीटरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला बायबल ठाऊक आहे का?"

"वाचताना ऐकलंय."

"शपथ घेऊन खोटं बोललास तर मेल्यावर तुझं काय होईल?"

"मेल्यावरचं मला माहीत नाही, साहेब. खोटं बोललो तर जिवंतपणीच आमच्या माणसांत तोंड दाखवता येणार नाही."

"याची शपथ होऊ शकत नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "बाहेर बस जा."

बाहेर बस. गेल्या वर्षी याच माणसाने काढलेल्या मागावर दोन जणांना फाशी झाली होती. तेव्हाही साक्षीला प्रॅटली उभा होता. 'माझ्या माणसाने माग काढला' एवढं तो म्हणाला आणि कोर्टाला ते पुरलं. माणसाला लटकवायला पीटरचे डोळे चालतात आणि सोडवायला त्याची जीभ चालत नाही, असला हा न्याय. आणि ज्याने बायबलावर हात ठेवून धडधडीत थाप मारली, तो तिथे मिशीला पीळ देत उभा.

निकाल शुक्रवारी द्यायचं ठरलं. पीटर त्याच दुपारी नाहीसा झाला. प्रॅटली म्हणाला, पळाला असेल, यांचा काय भरवसा.

शुक्रवारी मॅजिस्ट्रेट कागद उलगडत होता तेवढ्यात कोर्टाच्या अंगणात टापा वाजल्या. सगळे खिडक्यांकडे वळले. पीटर चार दिवसांच्या चिखलाने माखलेला होता आणि त्याच्या हातात कुमाईताचा लगाम होता. टोळीने दलदलीपलीकडे सोडून दिलेलं जनावर त्याने माग काढत गाठलं होतं. घोड्याच्या खांद्यावर सरकारी डागणीची खूण, खोगिरावर टपालगाडीच्या पोत्याची तुटकी दोरी. पीटरने कुंपणाला लगाम बांधला, घोड्याचा मागचा डावा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला आणि तळ खिडकीकडे करून नुसता उभा राहिला. बोलायची बंदी होती ना, मग तो एक अक्षरही बोलला नाही.

सहा खिळे होते, आतलं भोक रिकामं. मॅजिस्ट्रेट स्वतः बाहेर आला, ठशाचं ढेकूळ मागवलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. ठसा जुळत होता; ती नाल टोळीच्या नव्हे, पोलिसांच्याच घोड्याला मारलेली होती.

कॉन सुटला. माफी कोणी मागितली नाही. प्रॅटलीला शिक्षा झाली म्हणाल तर बदली, आणि तीही या ठाण्याहून मोठ्या ठाण्यात. परवानगीवाचून ठाणं सोडलं म्हणून पीटरला मात्र तिथल्या तिथे कामावरून काढलं.

सुटकेच्या कागदावर सही करायला कॉन कारकुनाच्या टेबलाशी गेला. वाचता वाचता एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. 'सदर घोडा आपणहून अंगणात आला.'

"आपणहून?" कॉन भडकला. "आणि लगामाची गाठही त्यानेच मारली काय? पीटरने आणला तो, सगळ्या गावाने बघितलं."

"बरं, तसं लिहितो," कारकून कंटाळून म्हणाला. "पीटर काय? खरं नाव सांगा. आमच्या यादीत पीटर तीन आहेत."

पाच मैलांतल्या प्रत्येक घोड्याचं नाव कॉनला पाठ होतं, या माणसाचं नव्हतं. तो लंगडत बाहेर गेला. पीटर पोलिसांचा डगला काढून कुंपणावर टाकत होता.

"अरे, तुझं खरं नाव काय?"

पीटरने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "अकरा वर्षं तुझ्याकडे चहा प्यालो, कॉन. आज कागदाला लागतंय म्हणून विचारतोस?"

त्याने डगल्याच्या खिशातला तंबाखू काढून घेतला आणि ओढ्याच्या कडेने वर डोंगराकडे चालू लागला. डीलिया जवळ उभी होती. तिने ऐकलं होतं, पण नवऱ्याला बोलली नाही, कारण तिलाही ते नाव माहीत नव्हतं.

कॉन आत आला. कारकुनाने टाक शाईत बुडवला. "सांगा, काय लिहू?"

"लिही, एका माणसाने आणला," कॉन म्हणाला. "त्याचं नाव कॉन गेरॅटीने अकरा वर्षांत कधी विचारलं नाही."

कारकुनाने ते लिहिलं नाही.