मनगट धरून बोलणारे काका

कळव्यात आमच्या शेजारचे काका ॲम्ब्युलन्सवर असतात. कुणाशीही बोलताना ते मनगट धरतात आणि झोपेत असल्यासारखं हळू म्हणतात, "घाबरू नको रे, मी बाजूलाच आहे." रिक्षावाले हसतात, "काका, मी पेशंट नाय ओ!"

ड्युटी आठ तासांची करावी म्हणून ॲम्ब्युलन्सच्या कंत्राटदाराशी युनियनची बोलणी होती, त्या दिवशी ते मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस, सोबत चल." तिथे कंत्राटदाराने विचारलं, "तुमचा प्रतिनिधी कोण? जो उभा राहील, त्याची उद्यापासून ड्युटी बंद." सगळ्यांनी माना खाली घातल्या.

काका उभे राहिले. त्याच संथ आवाजात म्हणाले, "मी आहे, साहेब. आठ तासांच्या ड्युटीचं माझ्याशी बोला."

परतताना खाडीवर ऊन तरंगत होतं. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी नुसती धावत होती. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.